हिरव्या लुगड्याचा फोटो

या दिवाळीत नातू चार दिवस राहायला आला होता. फराळाचं झाल्यावर दुपारी तो आणि मी जुन्या फोटोंची पेटी काढून बसलो. पेटी म्हणजे पत्र्याचा बिस्किटांचा डबा! त्यात आईचा एक फोटो आहे. तळहाताएवढा, काळा-पांढरा, एका कोपऱ्याला वाळवीने खाल्लेला. १९५९ साली वाईला एका स्टुडिओत काढलेला. आईचा हा एकुलता एक फोटो. १९६२ मध्ये ती गेली, तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

नातवाने मोबाइल काढला, फोटोवर धरला, काहीतरी खुडबूड केली आणि मिनिटभरात म्हणाला, "आजी, हे बघ."

वाळवीचा कोपरा भरून आला होता. कपाळावरची सुरकुती गेली होती. गालांवर लाली आली होती. आणि आईचं लुगडं निळसर झालं होतं.

"अरे, निळं कसं? हिरवं होतं ते!" मी एकदम म्हणाले. कारण याच फोटोवरून अण्णांनी आई गेल्यावर एक मोठा फोटो करवून घेतला होता. चित्रकाराने त्यावर हाताने रंग भरले होते. तो आमच्या जुन्या घराच्या ओटीवर अनेक वर्षं टांगलेला होता आणि आता माझ्या भावाकडे आहे. त्यात आईचं लुगडं हिरवंगार आहे.

नातू म्हणाला, "ॲपला काय माहीत आजी, ते अंदाजाने रंग भरतं. हिरवा करू?" आणि त्याने हिरवा केलासुद्धा. पण माझ्या मनात एक किडा वळवळायला लागला. ॲपने अंदाज केला हे ठीक. पण त्या चित्रकाराला तरी काय माहीत होतं?

या किड्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे काही झालं की आधी 'हे कधीपासून चाललंय?' असं विचारायची खोड लागली आहे.

तर मंडळी, आपल्याला वाटतं की फोटोशी खेळ करणं हे मोबाइल आल्यानंतरचं खूळ. पूर्वीचे फोटो म्हणजे सत्य, सरळ, साधे. मलाही तसंच वाटायचं. वाचत गेले तसं लक्षात आलं की फोटोत फेरफार करण्याचा उद्योग जवळजवळ फोटोच्याच वयाचा आहे.

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं. पण त्यात रंग नव्हता, आणि लोकांना तर रंग हवा होता! मग थोड्याच वर्षांत बारीक कुंचल्याने गालाला गुलाबी आणि दागिन्याला सोनेरी रंग लावणारे कारागीर युरोपात तयार झाले. आमच्या ओटीवरच्या फोटोचे हे पूर्वज.

दुसरी अडचण आकाशाची. त्या काळची रसायनं निळ्या प्रकाशाला फार चटकन प्रतिसाद द्यायची. समुद्र नीट यावा म्हणून पुरेसा वेळ दिला, तर आकाश पांढरंफटक व्हायचं. आकाश सांभाळावं, तर समुद्र काळा. १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव ल ग्रे नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने यावर उपाय म्हणून काही समुद्रचित्रांत दोन काचा वापरल्या. एक आकाशाची, एक समुद्राची. क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवून एकाच कागदावर छापायच्या. लोक थक्क झाले. काही वेळा तर त्याने एकच आकाश दोन वेगवेगळ्या समुद्रांवर बसवलं आहे!

आता तुमच्या मोबाइलमध्ये 'एचडीआर' नावाची सोय असते ना, ती हेच करते. एका पाठोपाठ एक अनेक फोटो घेते, उजेडाचा भाग एकातून, सावलीचा दुसऱ्यातून उचलते आणि सांधा जोडते. आयफोनमध्ये ही सोय २०१० मध्ये आली. २०१८ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये रात्रीच्या अंधारात फोटो काढायची सोय आली, तिचंही मूळ तेच. अनेक अंधारे फोटो एकावर एक रचून एक उजळ फोटो करायचा. ल ग्रेला ज्यासाठी अंधाऱ्या खोलीत राबावं लागायचं, ते आपण बटण दाबताक्षणी होतं. फरक इतकाच की त्याला माहीत होतं आपण काय जोडलंय. आपल्याला पत्ताही नसतो.

१८५७ मध्ये इंग्लंडमध्ये रेलँडर नावाच्या गृहस्थाने सुमारे तीस वेगवेगळ्या काचा जोडून एक भलंमोठं दृश्य बनवलं. एका बाजूला सद्गुणांची वाट, दुसऱ्या बाजूला चैनीची. व्हिक्टोरिया राणीने त्याची एक प्रत विकत घेतली. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच काचांमधून एक फोटो केला. क्षयाने मरणाच्या दारात असलेली तरुण मुलगी, भोवती घरची माणसं, खिडकीकडे तोंड करून पाठमोरा उभा असलेला पुरुष. पाहणारे अस्वस्थ झाले. असं खासगी दुःख फोटोत आणावं का, म्हणून टीका झाली. प्रत्यक्षात ती मुलगी धडधाकट होती, फोटोसाठी बसवलेली! हेच चित्र कुंचल्याने काढलं असतं तर कुणाची तक्रार नसती. फोटो म्हटला की माणूस तो खरा धरून चालतो.

हे तिकडचं झालं. आपल्याकडेही फार उशीर झाला नव्हता बरं का. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे आपले सुरुवातीचे नामवंत छायाचित्रकार तिथेच शिकले.

याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज छायाचित्रकार होता. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे फोटो असलेलं त्याचं पुस्तक १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांत निघालं. आता यातली गंमत बघा. माणसांचे फोटो वेगळे काढायचे, मग ती माणसं कापून दुसऱ्याच फोटोतल्या इमारतीपुढे किंवा देखाव्यापुढे बसवायची! म्हणजे उभा एकीकडे, मागची इमारत दुसरीकडची. हल्ली पोरं दादरच्या गॅलरीत उभी राहून मागे आयफेल टॉवर लावतात, त्याची ही दीडशे वर्षांहून जुनी मुंबईची आवृत्ती.

पण त्यातला एक धोका लक्षात घ्या. ते पुस्तक 'हे लोक असे असतात' अशा थाटात वाचलं जाणार होतं. मौजेसाठी केलेल्या जोडकामाला मौज म्हणता येतं. माहिती म्हणून पुढे केलेल्या जोडकामाचं काय?

या सगळ्या खेळ्यांत माझे आवडते मात्र दादासाहेब फाळके. सिनेमाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते छायाचित्रकार होते. गोध्य्राला त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला होता. १९१२ मध्ये सिनेमाला भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यापुढे कॅमेरा मांडला. महिनाभराहून अधिक काळ रोज थोडंथोडं चित्रण करून वाटाण्याचा कोंब फुटून वेल होईपर्यंतची वाढ त्यांनी मिनिटभराच्या पट्टीत आणली. ते पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. आपल्या चित्रपटसृष्टीचा वेल खरोखरच वाटाण्यातून निघाला म्हणायचा!

हे वाचून मलाही हुक्की आली. मी वाटाण्याऐवजी वाल घेतले (आमच्याकडे डाळिंब्यांसाठी भिजवलेले होतेच). स्वयंपाकघराच्या खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यात माती घालून चार वाल पेरले. तिवई नव्हती, म्हणून स्टीलच्या पेल्यात तांदूळ भरून त्यात मोबाइल उभा खोचला. ओट्यावर पेल्याची जागा खडूने आखून ठेवली, म्हणजे रोज तिथेच ठेवता येईल. खडूचा सराव आहेच हाताला! रोज सकाळी आठ वाजता एक फोटो. नवव्या दिवशी कामवाल्या बाईंनी ओटा चकचकीत पुसला आणि खडूची रेघ गेली. मग पुन्हा अंदाजाने जागा ठरवली. एकवीस फोटो झाले. नातवाने ते एका ॲपमध्ये ओवून दिले. नवव्या दिवशी डबा टुणकन उडी मारतो, पण वालाचा आकडा मान वर काढताना असा काही दिसतो की मी ते पंधरा-वीस वेळा पाहिलं. फाळक्यांनी महिनाभर न चुकता हे केलं, तेव्हा त्यांचा ओटा कुणी पुसला नसेल का?

तेव्हापासून माझी प्रयोगशाळा सुरू झाली आहे. नातवाने चिमट्याची छोटी भिंग आणून दिली. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर अडकवली की मोहरीचा दाणा सुपारीएवढा दिसतो. भिंग नसेल तर कॅमेऱ्यावर पाण्याचा एकच थेंब सुईने ठेवायचा आणि फोन अलगद आडवा धरायचा. तोही भिंगाचंच काम करतो. (थेंब मोठा झाला तर फोनची जबाबदारी माझी नाही!) सतराव्या शतकात हॉलंडमध्ये लेव्हेनहुक नावाचा कापडव्यापारी एवढ्याशाच काचेच्या भिंगातून पाण्यातले जीव बघत असे. आपल्याकडून शिकून गेलेले मनू प्रकाश यांनी अमेरिकेत २०१४ मध्ये कागदाची घडी घालून करायचा 'फोल्डस्कोप' हा सूक्ष्मदर्शक जगापुढे आणला. तो मोबाइलला जोडून फोटो काढता येतो. माझ्या शाळेत पन्नास मुलांमागे एक सूक्ष्मदर्शक होता आणि तो कपाटात कुलपात असायचा. आज वाटतं, असला कागदी सूक्ष्मदर्शक तेव्हा असता तर!

बाकी साहित्य घरातलंच. खिडकीचं ऊन फार तीव्र असेल तर काचेला बटर पेपर लावायचा, उजेड मऊ होतो. चेहऱ्याची एक बाजू काळी पडत असेल तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायचा. मागे पसारा दिसत असेल तर जुन्या छत्रीचं काळं कापड. स्टुडिओवाले मागे रंगवलेले पडदे लावायचे, त्यावर महाल, कारंजी आणि हंस असायचे. त्यापेक्षा आमची छत्री बरी.

मोबाइल आणि कॅमेरा यांची गाठ पडली त्याचीही एक गोड हकिकत आहे. १९९७ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियात फिलिप कान यांच्या पत्नीला प्रसूतीसाठी दवाखान्यात नेलं होतं. या गृहस्थांनी तिथे बसल्या बसल्या कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल तारांनी जोडले आणि नवजात मुलीचा फोटो दोन हजारांहून अधिक लोकांना पाठवला. २००० मध्ये जपानात शार्पचा कॅमेऱ्याचा फोन बाजारात आला. त्याच्या पाठीला एक इवलासा आरसा होता, स्वतःचाच फोटो काढता यावा म्हणून! २००८ मध्ये आयफोनवर ॲपचं दुकान उघडलं. २००९ च्या शेवटी 'हिप्स्टामॅटिक' आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये 'इन्स्टाग्राम' आलं. आणि गंमत अशी, की या नव्या ॲपनी काय केलं? ताजा फोटो चौकोनी आणि विटलेला करून दिला! आमच्या 'आगफा क्लिक थ्री'च्या एका रोलात बारा चौकोनी फोटो निघायचे आणि ते विटू नयेत म्हणून आम्ही त्यांना पातळ कागदात गुंडाळून ठेवायचो. नातवंडं तोच विटका रंग ॲपमधून मुद्दाम चढवतात.

हे झालं कौतुक. पण इतिहासाची शिक्षिका एवढ्यावर थांबली तर पगार फुकट घेतला असं होईल.

मी दहावीला रशियन क्रांती शिकवायची, तेव्हा मुलांना एक गोष्ट सांगत असे. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिन आणि त्याचा गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव यांचा १९३७ चा एक फोटो आहे. पुढे येझोव मर्जीतून उतरला आणि १९४० मध्ये त्याला गोळ्या घातल्या. मग त्या फोटोतूनही तो नाहीसा झाला. तो जिथे उभा होता तिथे कालव्याचं पाणी रंगवलं. वर्गात एकदम शांतता पसरायची. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग जो फोटो आपल्याला एकच मिळाला आहे, त्यातून कोण गेलंय ते कसं कळणार?" मी तेव्हा पुस्तकी उत्तर दिलं. आज ते काम करायला सरकार लागत नाही. नको असलेला माणूस बोटाने घासला की जातो. लग्नाच्या फोटोत मागून जाणारा आचारी पुसला तर काही बिघडत नाही. पण घरात भांडण झालेली जाऊही तशीच पुसता येते. पन्नास वर्षांनी तो फोटो पाहणाऱ्या पोरांना कळणारही नाही की त्यांना आणखी एक काकू होती.

आता माझा किडा.

काळ्या-पांढऱ्या फोटोत रंगाची नोंदच नसते. कुठे किती उजेड, एवढंच असतं. हिरवं, निळं, जांभळं सारखंच करडं दिसू शकतं. ॲपला लाखो रंगीत फोटो दाखवून शिकवलेलं असतं आणि त्यावरून ते अदमास करतं. मग चित्रकाराने कुणावरून केला? दिवाळी झाल्यावर मी ताईला फोन लावला. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, सांगलीला असते. गुडघे गेले आहेत, पण स्मरण पक्कं.

"ताई, आईच्या फोटोतलं लुगडं कोणत्या रंगाचं गं?"

"फोटो काढला तेव्हाचं? जांभळं. इरकल. शेजारच्या काकूंचं मागून आणलं होतं. आईकडे दोनच होती आणि दोन्हीला ठिगळं."

"मग मोठ्या फोटोत हिरवं कसं?"

ताई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुला नाही माहीत. तुला आणि धाकट्याला त्या दिवशी काकूंकडे ठेवलं होतं. सवाष्ण गेली म्हणून अण्णांनी बाजारातून नवं हिरवं लुगडं आणलं होतं. तेच नेसवलं तिला. चित्रकाराने नंतर विचारलं, रंग कोणता भरू? अण्णा म्हणाले, हिरवा. मी तिथेच उभी होते. मला वाटलं सांगावं, पण नाही सांगितलं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. साठ वर्षं मी त्या हिरव्या लुगड्यात हसणारी आई पाहिली. हातात सोन्याच्या पाटल्यासुद्धा आहेत तिच्या. त्या तर अण्णांना कधी जमल्याच नाहीत. मला वाटायचं, चला, आईने निदान तेवढं सुख पाहिलं होतं.

मग ओटीवरचा फोटो खोटा का? लुगड्याचा रंग म्हणून विचाराल तर खोटा. चारचौघांत पुरावा म्हणून ठेवता येणार नाही. पण त्या रंगामागे एक माणूस होता. त्याला कुणीतरी विचारलं आणि त्याने त्याला आठवलं ते उत्तर दिलं. नातवाच्या ॲपने कुणालाच विचारलं नाही. त्याचा निळाही चुकलेला आणि चित्रकाराचा हिरवाही चुकलेला, पण या दोन चुका एका तोलाच्या नाहीत. आणि ताईला फोन केला नसता, तर मला दोन्हीतला फरक कधीच कळला नसता. ताई ब्याऐंशी वर्षांची आहे. ही गोष्ट माहीत असलेली आता ती एकटीच उरली होती.

नातवाला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, जांभळं करून पाठवू का?" मी म्हटलं, पाठव. आता माझ्याकडे तीन आया आहेत, निळी, हिरवी आणि जांभळी. मूळ काळा-पांढरा फोटो वाळवीच्या कोपऱ्यासकट मोबाइलमध्ये वेगळा जपून ठेवला आहे, त्याला हात लावायचा नाही असं नातवाला बजावलं आहे. आणि मऊ पेन्सिलीने त्या छोट्या फोटोच्या पाठीवर लिहिलं:

'आई. वाई, १९५९. लुगडं जांभळं इरकल, शेजारच्या काकूंचं. मोठ्या फोटोत हिरवं केलं आहे, अण्णांच्या सांगण्यावरून. पाटल्या नव्हत्या.'

मागच्या बाकावरच्या त्या मुलीला आज एवढंच उत्तर देईन. बाळ, फोटोच्या पाठीवर लिहीत जा. मोबाइलमधल्या फोटोला पाठ नसते, पण फोटोखाली मजकूर लिहायची सोय बहुतेक ठिकाणी असते. तिथे लिही. काय बदललं, कुणी बदललं आणि का. बाकी हवे तेवढे खेळ खेळा, रंग उधळा, मोहरीची सुपारी करा. मी स्वतः खेळतेच आहे.

असो. बरंच लांबलं. तुमच्याही पेटीत असे फोटो असतील. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर आज संध्याकाळी तो फोटो घेऊन त्यांच्यापाशी बसा, आणि एवढंच विचारा, "हा रंग कोणता होता हो?"